कधीमधी लागणारं नेट
ठाण्याच्या माजिवड्यातल्या सोसायट्यांत फायबरची पत्रकं दारात येऊन पडतात. पण महिन्यातून एकदा वीजबिल भरायचं, चार मेसेज पाठवायचे, एवढंच काम असेल तर ब्रॉडबँडचं मासिक भाडं कशाला? डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही द्यायला लावले. आजी-आजोबांसाठी तो पॅक आणि घरातल्या कुणाचा हॉटस्पॉट, एवढ्यावर छान भागतं. डेटा खातो तो व्हिडिओ. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं आधी बंद करा. सुटा डेटा पॅक घेताना तो मूळ प्लॅनशिवाय चालतो का, हे दुकानदाराला जरूर विचारा. ठाणे स्टेशनवर रेल्वेचं ‘रेलवायर’ वाय-फाय रोज पहिली ३० मिनिटं मोफत आहे. तिथे गाडीची वेळ पाहा, बातम्या वाचा. बँकेचे व्यवहार मात्र घरी येऊनच करा.