स्प्रेडशीटमधील पुनर्गणनेचा क्रम आणि स्वरचित फंक्शने

पुनर्गणनेचा क्रम म्हणजे स्प्रेडशीटमधील एखादे मूल्य बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेली सूत्रे ज्या अनुक्रमाने पुन्हा सोडवली जातात तो अनुक्रम होय. बेरीज, सरासरी यांसारख्या अंगभूत फंक्शनांच्या बाबतीत हा क्रम आज्ञावली स्वतः ठरवते आणि वापरकर्त्याला त्याची जाणीवही होत नाही. वापरकर्त्याने स्वतः लिहिलेली फंक्शने, म्हणजेच स्वरचित फंक्शने, सूत्रांमध्ये आली की मात्र हा क्रम समजून घेणे आवश्यक ठरते. फंक्शनाच्या आत काय चालले आहे हे स्प्रेडशीटला दिसत नाही. त्यामुळे उत्तर शिळे राहणे, फंक्शन एकापेक्षा अधिक वेळा चालणे किंवा रिकाम्या सेलवर गणित होणे असे दोष उद्भवतात. यांपैकी पुष्कळ दोषांत त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो, हेच या विषयाचे व्यावहारिक महत्त्व आहे.

या लेखातील विवेचन मुख्यतः मायक्रोसॉफ्ट एक्सेल आणि त्यातील व्हीबीए (व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स) या भाषेत लिहिलेल्या फंक्शनांविषयी आहे. इतर आज्ञावलींमधील फरक शेवटी दिले आहेत.

इतिहास

वैयक्तिक संगणकावरील पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट व्हिसिकॅल्क ही डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केली आणि ती १९७९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी उपलब्ध झाली. तिच्यात गणना ओळीमागून ओळ किंवा स्तंभामागून स्तंभ अशी ठरीव दिशेने होत असे. वरच्या सूत्राला खालच्या सेलचे उत्तर हवे असेल, तर पहिल्या फेरीत त्याला जुनेच उत्तर मिळे आणि बरोबर उत्तरासाठी पुनर्गणनेची आज्ञा पुन्हा द्यावी लागे.

सूत्रे कोठेही लिहिली असली तरी त्यांच्या परस्परावलंबनानुसार ती सोडवण्याच्या पद्धतीला नैसर्गिक क्रम असे म्हणतात. ही कल्पना रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी १९६९ मध्ये लॅनपार या आज्ञावलीत वापरली होती. त्यांनी १९७० मध्ये एकस्वासाठी अर्ज केला, परंतु अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने तो नाकारला. १९८२ मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९८३ मध्ये एकस्व मिळाले. पुढे त्याच्या आधारे लोटस कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला. त्या दाव्यात हे एकस्व अंमलात आणण्याजोगे नाही असा निर्णय झाला व १९९६ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

१९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये नैसर्गिक क्रमाची सोय होती. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी आले. सर्व सूत्रे पुन्हा न सोडवता केवळ बदलाचा परिणाम होणारी सूत्रेच सोडवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९९३ च्या एक्सेल ५ पासून त्यात व्हीबीएची सोय झाली आणि स्वरचित फंक्शने लिहिणे सर्वसामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आले.

गणनेची पद्धत

सूत्र लिहिले जाताच एक्सेल त्यातील सेलसंदर्भ वाचते आणि कोणता सेल कोणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवते. गणिताच्या भाषेत हा दिशायुक्त आलेख असतो. एखादे मूल्य बदलले की त्यावर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष अवलंबून असणारे सर्व सेल शिळे झाले अशी खूण केली जाते. पुनर्गणनेच्या वेळी फक्त शिळे सेल सोडवले जातात.

सोडवण्याचा क्रम गणनासाखळी या यादीवरून ठरतो. नव्याने लिहिलेले सूत्र या साखळीत आरंभी येते. साखळीतून जाताना एखादे सूत्र अद्याप न सोडवलेल्या सेलवर अवलंबून आहे असे आढळले, तर ते मागे टाकले जाते व आधी तो सेल सोडवला जातो. सुधारलेला क्रम पुढील वेळेसाठी जपून ठेवला जातो. म्हणून मोठ्या वर्कबुकची पहिली गणना संथ आणि नंतरच्या गणना जलद असा अनुभव येतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सूत्रे शीटवर ज्या जागी आहेत त्या जागेवरून किंवा ती ज्या क्रमाने लिहिली त्यावरून गणनेचा अंतिम क्रम ठरत नाही. तो केवळ अवलंबनाच्या नोंदीवरून ठरतो. ही नोंद अपुरी असेल तर क्रमही चुकतो.

स्वरचित फंक्शनांमुळे उद्भवणारे दोष

लपलेले अवलंबन

स्वरचित फंक्शन कोणत्या सेलवर अवलंबून आहे हे एक्सेल फक्त सूत्राच्या कंसात दिलेल्या घटकांवरून जाणते. फंक्शनाच्या संहितेत आतून वाचलेला सेल त्याच्या नोंदीत येत नाही.

उदाहरणार्थ, ‘व्याज’ नावाचे फंक्शन मुद्दल कंसातून घेते, पण व्याजाचा दर संहितेतूनच बी१ या सेलमधून वाचते असे समजू. ए१ मध्ये १०,००० आणि बी१ मध्ये ७ असेल, तर सी१ मधील व्याज(ए१) या सूत्राचे उत्तर ७०० येते. आता बी१ मध्ये ८ लिहिले, तर उत्तर ८०० व्हायला हवे. परंतु सी१ हा बी१ वर अवलंबून आहे याची एक्सेलकडे नोंदच नसल्यामुळे सी१ शिळा ठरत नाही आणि तेथे ७०० हाच आकडा राहतो. पुढे केव्हातरी ए१ बदलला की उत्तर अचानक नव्या दराने येते. अशा वेळी चूक आत्ताच झाली असा समज होतो. वास्तविक ती दर बदलल्यापासून तशीच असते.

न सोडवलेल्या सेलची हाताळणी

वरील उदाहरणात दरही कंसात दिला आणि सूत्र व्याज(ए१, बी१) असे केले, तरी दुसरा प्रश्न उरतो. ए१ मध्ये डी१ व डी२ यांची बेरीज करणारे सूत्र आहे असे समजू. डी१ बदलला की ए१ आणि सी१ हे दोन्ही सेल शिळे होतात. साखळीत सी१ आधी आला, तर ‘व्याज’ फंक्शन चालू होते आणि त्याला ए१ रिकामा दिसतो. रिकाम्याचे मूल्य शून्य धरून उत्तर शून्य येते. मग ए१ सोडवला जातो व फंक्शन पुन्हा एकदा चालते. डी१ मध्ये ७,००० आणि डी२ मध्ये ४,००० असल्यास ए१ मध्ये ११,००० येतात आणि ८ टक्क्यांनी अंतिम उत्तर ८८० असे बरोबर मिळते.

शेवटचे उत्तर बरोबर असल्याने हा दोष निरुपद्रवी वाटतो, पण तीन प्रसंगी तो जाणवतो. फंक्शनात त्या मूल्याने भागाकार असेल तर पहिल्या फेरीत त्रुटी उद्भवते. फंक्शन वेळखाऊ असेल तर तोच वेळ दुसऱ्यांदा जातो. फंक्शन आपण किती वेळा चाललो हे मोजत असेल किंवा पावतीक्रमांकासारखा पुढचा आकडा देत असेल, तर मधले क्रमांक गळतात.

सक्रिय शीटचा संदर्भ

संहितेत शीटचे नाव न देता केवळ बी१ असा उल्लेख केला, तर सर्वसाधारण मॉड्यूलमध्ये त्याचा अर्थ ‘सध्या उघड्या असलेल्या शीटवरील बी१’ असा होतो. सूत्र ज्या शीटवर आहे तिचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यामुळे गणना होताना वापरकर्ता कोणत्या शीटवर होता यावर उत्तर बदलते.

स्मृतीवर विसंबणे

एका सेलमधील फंक्शनाने सामायिक चलात मूल्य ठेवायचे आणि दुसऱ्या सेलमधील फंक्शनाने ते वाचायचे अशी रचना काही जण करतात. या दोन सेलांमधील नाते एक्सेलला ठाऊक नसल्याने आधी कोण चालेल याची शाश्वती नसते. ही रचना महिनोन्महिने बरोबर चालून एखादे सूत्र नव्याने लिहिल्यावर बिघडू शकते.

दोषनिदान

दोष शोधताना संहिता वाचण्याआधी पुढील कसोट्या क्रमाने लावणे सोयीचे असते.

१. गणनेचा प्रकार पाहावा. एक्सेलमध्ये स्वयंचलित, तक्ते वगळून स्वयंचलित आणि हस्तचलित असे तीन प्रकार आहेत. हा प्रकार प्रत्येक फाइलचा स्वतंत्र नसून संपूर्ण सत्राचा असतो आणि तो सर्वप्रथम उघडलेल्या वर्कबुकवरून ठरतो. त्यामुळे निर्दोष फाइलही हस्तचलित फाइलनंतर उघडल्यास गोठल्यासारखी वागते. एकच फाइल दोन संगणकांवर वेगळी उत्तरे दाखवत असेल, तर पहिला संशय येथेच घ्यावा.

२. एफ९ ही कळ दाबावी. तिने फक्त शिळे ठरलेले सेल सोडवले जातात. उत्तर सुधारले तर दोष गणनेच्या प्रकारात आहे.

३. एफ९ ने फरक पडला नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबावे. यात उघड्या वर्कबुकांतील सर्व सूत्रे, शिळी असोत वा नसोत, सोडवली जातात. यामुळे उत्तर बदलले तर अवलंबन लपलेले आहे असा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरतो. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एफ९ ने अवलंबनाची नोंदही नव्याने बांधली जाते.

४. दुसरी शीट उघडून पुन्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबावे. उत्तर बदलले तर संहितेत शीटचे नाव न दिलेला संदर्भ आहे.

५. फंक्शनाच्या आरंभी डीबग.प्रिंट ही आज्ञा लिहून बोलावणाऱ्या सेलचा पत्ता आणि मिळालेले मूल्य इमिजिएट विंडोत छापावे. एकाच गणनेत तोच पत्ता दोनदा आला आणि पहिल्या वेळी मूल्य रिकामे असले, तर न सोडवलेल्या सेलचा प्रश्न आहे. सूत्र लिहिण्यास मदत करणारा संवादपट उघडा असतानाही फंक्शन चालते, म्हणून ही नोंद घेताना तो बंद ठेवावा.

उपाय

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फंक्शनाला लागणारे प्रत्येक मूल्य कंसातून देणे. त्यामुळे अवलंबनाची नोंद पूर्ण होते, शीटचा घोळ मिटतो आणि सूत्र वाचणाऱ्यालाही उत्तर कशावरून आले ते कळते. फंक्शन आतून सेल शोधत असेल, उदाहरणार्थ दिलेल्या सेलच्या शेजारचा सेल वाचत असेल, तर शेजारच्या सेलसह संपूर्ण पट्टा कंसात द्यावा.

न सोडवलेल्या सेलसाठी फंक्शनाच्या आरंभी पहारा ठेवता येतो. ज्या सेलमध्ये सूत्र आहे पण ज्याचे मूल्य रिकामे आहे, तो अद्याप सोडवलेला नाही हे निश्चित समजावे. सोडवलेले सूत्र नेहमी संख्या, मजकूर, तर्कमूल्य किंवा त्रुटी यांपैकी काहीतरी देते. मोकळा दिसणारा मजकूरही शून्य लांबीचा मजकूर असतो, रिकामा सेल नव्हे. असा सेल आढळल्यास फंक्शनाने तत्काळ बाहेर पडावे. तो सोडवल्यावर एक्सेल फंक्शनाला पुन्हा बोलावतेच.

ॲप्लिकेशन.व्होलाटाइल ही आज्ञा लिहून फंक्शन अस्थिर करणे हा अनेकदा सुचवला जाणारा उपाय आहे. अस्थिर फंक्शन प्रत्येक पुनर्गणनेत सोडवले जाते. एक्सेलमधील नाऊ, टुडे, रँड, ऑफसेट आणि इन्डायरेक्ट ही अंगभूत फंक्शने अशीच अस्थिर आहेत. या उपायाने उत्तर ताजे राहण्याची शक्यता वाढते, पण लपलेले अवलंबन लपलेलेच राहते. आतून वाचलेला सेल आधी सोडवला जाईल अशी हमी मिळत नाही. शिवाय त्या फंक्शनावर अवलंबून असलेली सर्व सूत्रेही दर वेळी सोडवली जातात आणि वर्कबुक मंदावते. म्हणून हा उपाय काळ किंवा यादृच्छिक संख्या यांसारख्या खरोखर अस्थिर गोष्टींपुरता ठेवणे इष्ट.

सेलमधून बोलावलेले फंक्शन इतर सेलांत लिहू शकत नाही, ते केवळ स्वतःच्या सेलला उत्तर देते. ही मर्यादा म्हणजे अडथळा नसून क्रमाचे संरक्षण आहे. फंक्शने एकमेकांच्या सेलांत लिहू लागली, तर कोणताही क्रम स्थिर राहणार नाही. क्रमांक देणे, नोंद करणे अशी कामे बटणाने चालवायच्या मॅक्रोकडे सोपवावीत.

चक्रीय संदर्भ हा क्रमाचा वेगळा प्रश्न आहे. दोन सेल एकमेकांवर अवलंबून असतील तर कोणताही क्रम शक्य नसतो. पुनरावृत्तीची सोय चालू केल्यास एक्सेल मुळात १०० फेऱ्यांपर्यंत किंवा दोन फेऱ्यांतील फरक ०.००१ पेक्षा कमी होईपर्यंत गणना करते. स्वरचित फंक्शनातील दोष झाकण्यासाठी ही सोय वापरू नये.

इतर आज्ञावलींमधील फरक

एक्सेल २००७ पासून गणना अनेक धाग्यांवर एकाच वेळी होऊ शकते. व्हीबीएतील फंक्शने मात्र मुख्य धाग्यावरच चालतात. लॅम्डा या फंक्शनाच्या साहाय्याने संहितेविना स्वरचित फंक्शन करता येते. ते सूत्रांच्याच भाषेत असल्यामुळे त्याचे अवलंबन एक्सेलला पूर्णपणे दिसते.

गुगल शीट्समध्ये स्वरचित फंक्शने ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहितात. त्याच घटकांसाठी आलेले उत्तर तेथे साठवून ठेवले जाते, म्हणून कंसातील मूल्य न बदलल्यास फंक्शन पुन्हा चालेलच असे नाही. नाऊ किंवा रँड यांसारखी अस्थिर फंक्शने कंसात देता येत नाहीत आणि प्रत्येक बोलावण्याला ३० सेकंदांची मर्यादा आहे.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये बेसिक भाषेतील फंक्शनाला सेलऐवजी त्यातील मूल्य दिले जाते. सर्व सूत्रे सक्तीने सोडवण्यासाठी तेथे कंट्रोल-शिफ्ट-एफ९ वापरतात.

हे सुद्धा पहा

स्प्रेडशीट
मायक्रोसॉफ्ट एक्सेल
व्हिसिकॅल्क
लिब्रेऑफिस
आलेख सिद्धान्त