डिजिटल पाठ्यसामग्री, प्रताधिकार आणि अध्यापक वैद्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. शास्त्राध्ययनास प्रवृत्त होणाऱ्याने प्रथम शास्त्राचीच परीक्षा करावी, असाही उपदेश त्याच अध्यायात आहे. आज ग्रंथाचे पान भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उघडते आणि क्षणार्धात शंभर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. अशा काळात या शास्त्रपरीक्षेला आणखी एका परीक्षेची जोड द्यावी लागते. ती म्हणजे, हाती असलेल्या मजकुरावर कोणाचा हक्क आहे आणि तो शिकविण्यासाठी वापरण्याची मुभा कायदा कितपत देतो, याची परीक्षा.

नवघर-भाईंदर परिसरातील अनेक वैद्य सकाळ-संध्याकाळ चिकित्सालय सांभाळून उरलेल्या वेळात महाविद्यालयात अध्यापन करतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा वर्ग घरातील संगणकावर भरू लागले आणि ग्रंथांची पाने, वनस्पतींची छायाचित्रे, शोधनिबंधांच्या पीडीएफ प्रती यांची देवाणघेवाण नित्याची झाली. टाळेबंदी उठली, पण ही सवय कायम राहिली. या विषयावर आपल्या व्यवसायात साधारणतः दोन टोकाच्या भूमिका आढळतात. ‘शिक्षणासाठी सर्व काही माफ असते’ ही पहिली, आणि ‘एक पान पाठविले तरी गुन्हा होतो’ ही दुसरी. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. पहिलीमुळे लेखकावर अन्याय होतो, तर दुसरीमुळे विद्यार्थी ज्ञानास मुकतो.

संहिता सर्वांची, संस्करण संपादकाचे

प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये ग्रंथावरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या मूळ वचनांवर अर्थातच कोणाचाही प्रताधिकार नाही. ‘आर्यभिषक’कार शंकर दाजीशास्त्री पदे १९०९ मध्ये निवर्तले. त्यामुळे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथ म्हणून समाविष्ट असलेला त्यांचा हा ग्रंथही आता सर्वांना खुला आहे. चरक व सुश्रुत संहितांची निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झालेली संस्करणे सिद्ध करणारे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य १९५६ मध्ये दिवंगत झाले. त्यांच्या संपादकीय परिश्रमांवरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपली.

मात्र याच संहितेचे आधुनिक भाषांतर, नवी टीका, विवेचक टिपा, कोष्टके आणि रेखाचित्रे यांवर त्या त्या लेखकाचा स्वतंत्र हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. न्यायनिर्णयाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे आणि केवळ मुद्रणदोष सुधारल्याने किंवा विरामचिन्हे घातल्याने कोणास त्यावर हक्क प्राप्त होत नाही. परंतु परिच्छेदांची विचारपूर्वक विभागणी करून त्यांना क्रमांक देणे यासारख्या कामात संपादकाची बुद्धी खर्ची पडली असेल, तर त्या भागास संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले. हा खटला विधिग्रंथांचा होता, पण त्यातील तत्त्व संहितांच्या संस्करणांनाही लागू पडते. सूत्र मुक्त आहे, त्यावरील अलीकडचे भाष्य मुक्त असेलच असे नाही.

छायाचित्रांचेही तसेच आहे. गुडूचीवर कोणाचा प्रताधिकार नाही, परंतु कोणी परिश्रमाने काढलेल्या गुडूचीच्या छायाचित्रावर तो आहे. औषधी कल्पाचे घटक व प्रमाण ही माहिती झाली आणि माहितीवर प्रताधिकार नसतो. त्या कल्पाचे लेखकाने आपल्या शब्दांत केलेले विवेचन मात्र संरक्षित असते.

अध्यापकास दिलेली सवलत

अधिनियमाचे कलम ५२ कोणती कृत्ये प्रताधिकाराचा भंग ठरत नाहीत, हे सांगते. त्यातील पोटकलम (१) चा खंड ‘आय’ अध्यापकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. अध्यापकाने अथवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेले कोणत्याही कृतीचे पुनरुत्पादन, तसेच प्रश्नपत्रिकेत वा उत्तरपत्रिकेत केलेले पुनरुत्पादन, हा भंग नव्हे, असे हा खंड सांगतो.

‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांची व्याप्ती किती, हा प्रश्न दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानामुळे ऐरणीवर आला. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या विविध पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दुकान व विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्या. प्रदीप नंद्राजोग (जे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले) आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने या सवलतीचे तत्त्व उचलून धरले. अध्यापन म्हणजे केवळ तासाभराचे व्याख्यान नव्हे, पूर्वतयारीपासून सत्रसमाप्तीपर्यंतची सर्व प्रक्रिया त्यात येते. प्रत अध्यापकाने स्वहस्ते काढली की दुकानदाराकडून काढवून घेतली, हा प्रश्न गौण आहे. निकष एकच : हा मजकूर शिकविण्यासाठी खरोखर आवश्यक होता काय? नेमका हा वस्तुस्थितीचा प्रश्न तपासण्यासाठी खंडपीठाने दावा पुन्हा सुनावणीस पाठविला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रती काढण्याचे परवाने देणाऱ्या संस्थेची याचिकाही दाखल करून घेतली नाही.

या निकालाचा अर्थ ‘संपूर्ण पुस्तक खुशाल उतरवून घ्यावे’ असा करणे धाडसाचे ठरेल. अभ्यासक्रमास लागणारे प्रकरण देणे आणि बाजारात उपलब्ध असलेला समग्र ग्रंथ पीडीएफ करून वाटणे यांत आवश्यकतेच्या निकषावरच मोठे अंतर पडते.

कागदाकडून पडद्याकडे

दिल्लीचा खटला कागदी प्रतींचा होता. डिजिटल सामग्रीचे काय? अधिनियमाच्या कलम १४ मध्ये वाङ्मयीन कृतीच्या पुनरुत्पादनात ती इलेक्ट्रॉनिक साधनाने कोणत्याही माध्यमात साठविणे समाविष्ट आहे. त्यामुळे अध्यापनासाठी पान स्कॅन करणे किंवा सादरीकरणात उतारा घालणे यांस सवलतीचा आधार घेता येतो, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु ‘जनतेस संप्रेषण’ हा अधिनियमात वेगळा हक्क आहे आणि खंड ‘आय’ मध्ये उल्लेख केवळ पुनरुत्पादनाचा आहे. म्हणून वर्गातील नोंदणीकृत विद्यार्थ्यांच्या मर्यादित गटास उतारा पाठविणे आणि तोच उतारा सर्वांना दिसेल अशा संकेतस्थळावर चढविणे, या दोन कृती कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. वर्गाचे दार लोटलेले असावे, हे पथ्य येथे सांभाळावे.

चित्रफिती व ध्वनिमुद्रणांसाठी खंड ‘जे’ आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, कर्मचारी, विद्यार्थी, पालक व उपक्रमाशी प्रत्यक्ष संबंधित व्यक्ती एवढाच प्रेक्षकवर्ग असेल, तर चित्रफीत दाखविता येते. पंचकर्माच्या प्रात्यक्षिकाची चित्रफीत वर्गात दाखविण्यास त्यामुळे अडचण नाही. तीच तिकीट लावून दाखविली, तर हा आधार सुटतो.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे त्यान्वये दंडनीय आहे, मात्र अधिनियमाने निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी त्यात अपवाद आहे. याच दुरुस्तीनंतर अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःजवळील छापील ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मुभा मिळाली. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जीर्ण मराठी वैद्यकग्रंथांसाठी हा खंड विचारात घेण्यासारखा आहे.

सवलत कोठे संपते

येथे औषधनिर्मात्या बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. सवलत कृतीस आहे, पदवीस नाही. वैद्याने महाविद्यालयात दाखविलेले वनस्पतीचे छायाचित्र त्याच वैद्याने आपल्या औषधालयाच्या माहितीपत्रकावर छापले, की तो व्यापार झाला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या संगीतविषयक प्रकरणात, ग्राहकांच्या वैयक्तिक वापराची ढाल व्यापारी सेवेस पुढे करता येत नाही, असे म्हटले. तेच तत्त्व लावले, तर विक्री प्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी एखाद्या चालू पाठ्यपुस्तकातील प्रकरणे छापून वाटणाऱ्या कंपनीने ‘हेही शिक्षणच’ असा बचाव गृहीत धरू नये. अशा वेळी प्रकाशकाची लेखी अनुमती घेणे हाच सरळ मार्ग होय.

शिक्षणोपयोगी संकलन छापून प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी खंड ‘एच’ अधिक कठोर आहे. संकलन मुख्यतः प्रताधिकारमुक्त मजकुराचे असावे आणि शिक्षणासाठी असल्याचे त्याच्या नावातच नमूद असावे. शिवाय एका प्रकाशकास पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच लहान उतारे घेता येतात. तयारीवर्गांच्या छापील पुस्तिका काढणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

भंगाची शिक्षा किरकोळ नाही. कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभ नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये नीट प्रो प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आपल्या स्वतःच्या शब्दांचे काय?

प्रताधिकार ही केवळ दुसऱ्याची तिजोरी नव्हे. वैद्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून लिहिलेल्या टिपणांवर त्याचाही हक्क आहे आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. जाहीर भाषणाचा प्रथम हक्कदार वक्ता असतो, त्यामुळे परिसंवादातील व्याख्यान ध्वनिमुद्रित करून प्रसृत करण्यापूर्वी आयोजकांनी वक्त्याची संमती घेतली पाहिजे. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा प्रथम हक्क मात्र, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्त्याकडे जातो. म्हणून महाविद्यालयासाठी ध्वनिचित्रित पाठ तयार करणाऱ्या अध्यापकाने नियुक्तिपत्र नीट वाचावे. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व स्वाक्षरीसह द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते.

निर्वेध साधनेही आहेत

हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय चिकित्सा संपदा संस्थानाने चरक व सुश्रुत संहितांचे मूळ पाठ आणि निघंटू ई-स्वरूपात उपलब्ध केले आहेत. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाचे राजपत्रात प्रसिद्ध झालेले विनियम पुनर्मुद्रित करण्यास कायद्याची आडकाठी नाही. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होणारे शोधनिबंध परवान्याच्या अटी पाळून, लेखकाच्या नामनिर्देशासह वाटता येतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आली, परंतु ती मुख्यतः शासकीय संस्थांसाठी आहे. खासगी महाविद्यालयांतील अध्यापकांपुढील प्रश्न त्याने सुटलेला नाही. म्हणूनच कलम ५२ ची मुभा समजून घेणे व तिचा न घाबरता वापर करणे त्यांच्या दृष्टीने अधिक अगत्याचे आहे.

व्यवहारात पाच गोष्टी पाळाव्यात. एक, मूळ वचन आणि आधुनिक भाष्य यांत भेद करावा. दोन, पाठास आवश्यक तेवढाच भाग घ्यावा. तीन, लेखक, ग्रंथ व प्रकाशक यांचा उल्लेख प्रत्येक उताऱ्याखाली करावा. चार, प्रत वर्गापुरतीच ठेवावी आणि जेथे दुव्याने काम भागते तेथे प्रतीऐवजी दुवा द्यावा. पाच, विक्री, जाहिरात अथवा सार्वजनिक प्रसारण यांचा संबंध आला, की अनुमती मागावी. विशिष्ट प्रसंगी शंका उरल्यास विधिज्ञाचा सल्ला घ्यावा.

आयुर्वेदाची परंपरा प्रती करून टिकली आहे. एका लेखकाने पोथी उतरविली, दुसऱ्याने ती शिष्यास दिली, म्हणून सुश्रुत आपल्यापर्यंत पोहोचला. कायद्यानेही वर्गातील या देण्याघेण्यास जागा ठेवली आहे. ती जागा संकोचाने रिकामी ठेवू नये आणि तिच्या आडून दुकानही मांडू नये.