आटलेल्या तलावातली अंडी

माण आणि आटपाडी भागात एक समज इतका पक्का आहे की त्यावर शंका घेणाऱ्यालाच वेड्यात काढलं जातं. तलाव कोरडा पडतो, तळाला हातभर भेगा जातात, तिथे शेरडं-मेंढरं फिरतात, ट्रॅक्टर लावून गाळ शेतात नेला जातो. तरीही म्हणे त्या मातीत माशांची अंडी जिवंत राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसाला फुटून तलाव पुन्हा माशांनी भरतो. अंडी किती काळ राहतात, यावर मात्र एकमत नाही. कुणी दोन वर्षं सांगतो, कुणी बारा. पुरावा विचारला तर उलट प्रश्न येतो, ‘मग मासे येतात कुठून?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं खरं उत्तर शोधायचा कंटाळा म्हणून मातीतल्या अंड्यांची गोष्ट पुढे करायची, हे काही उत्तर नव्हे.

हा समज इथेच का रुजला, ते समजण्यासारखं आहे. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवड तलाव असंही म्हणतात, ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माण नदी अडवून बांधला गेला. तो सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. हा सगळा माणदेश पर्जन्यछायेत येतो. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या, तसे दुष्काळ इथे पिढ्यान् पिढ्या येत राहिले आहेत. अशा मुलखातली तळी कधी तुडुंब असतात, तर कधी त्यांची डबकी होतात. जिथे पाणी बारमाही असतं तिथल्या माणसाला मासे कुठून आले हा प्रश्न पडत नाही. तो पडतो, जिथे पाणी संपलेलं आणि पुन्हा आलेलं डोळ्यांनी दिसतं तिथे.

आता अंड्याचं बघू. आपल्या तलावांत जाळ्याला लागणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मुख्यतः गंगा आणि उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. दक्षिणेतल्या तलावांत ते माणसाने आणून सोडले, हे आधी लक्षात घ्यावं. माणच्या मातीत त्यांची अंडी अनादी काळापासून पडून असण्याचा प्रश्नच नाही. हे मासे साठलेल्या, संथ पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, नवं, गढूळ पाणी लागतं. मादी लाखोंनी अंडी सोडते, पण त्या अंड्याला वाळणं सोसणारं कवच नसतं. ते पाण्यात फुगतं आणि 27 ते 30 अंशांच्या पाण्यात साधारण 14 ते 20 तासांत फुटतं. रात्री घातलेलं अंडं दुसऱ्या दिवशी फुटतं, नाहीतर कुजतं. त्याला तिसरा पर्याय नाही. ज्या अंड्याचं सगळं आयुष्य एका दिवसाचं, त्याने चैत्र-वैशाखातल्या भेगाळलेल्या मातीत वर्ष काढावं ही कल्पना निव्वळ अशक्य आहे.

ही अंडी मातीत टिकत असती तर देशाने मत्स्यबीजासाठी इतका खटाटोप केला नसता. पूर्वी बीज नद्यांच्या पुरातून गाळून गोळा करावं लागे आणि बंगालमधून लांबलांबच्या प्रांतांत पाठवलं जाई. त्यात कोणत्या माशाची पिल्लं किती, याची खात्री नसे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यजिरे म्हणजे नुकती निघालेली पिल्लं, मत्स्यबीज म्हणजे त्याहून मोठी, बोटुकली म्हणजे बोटाएवढी, असा आज जो सगळा व्यवहार चालतो, तो या शोधावर उभा आहे. तळ्यातलं ढेकूळ उचलून दुसऱ्या तळ्यात टाकलं की काम होत असतं, तर एव्हाना कुणीतरी गाळाचाच बाजार भरवला असता.

समजाला कुठेच आधार नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत किलीफिश नावाचे बोटभर मासे आहेत. पावसाळी डबक्यात ते काही आठवड्यांत वाढतात, मातीत अंडी घालतात आणि डबकं आटलं की मरतात. त्यांची अंडी मात्र वाढ थांबवून पुढच्या पावसाची वाट बघतात. आफ्रिकेतला फुफ्फुसमासा तर स्वतःच चिखलात शिरतो, अंगाभोवती चिकट वेष्टण करतो आणि महिनोन् महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ पडून राहतो. दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण दोन्ही आपल्याकडची नाहीत, आणि रोहू-कटल्याचं त्यांच्याशी जवळचं नातंही नाही. आपल्याकडे मातीत खरोखर टिकतात ती काही बारीक कवचधारी जीवांची अंडी. सड्यावरच्या डबक्यांत पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत पोहणारे परीझिंगे त्यातलेच. त्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी राहून फुटतात. नव्या पाण्यात वळवळणारं असं काही दिसलं, जोडीला बेडकाची पिल्लं दिसली, की ‘बघा, मासे आले’ म्हणायला वेळ लागत नाही. ज्याला खात्री करायची आहे त्याने आटलेल्या तळाची पूर्ण वाळलेली ढेकळं पसरट भांड्यात भिजत घालावीत, वर जाळी लावावी आणि पंधरा दिवस बघावं. नशीब असेल तर झिंग्यासारखं काही पोहताना दिसेल. कटला दिसणार नाही.

मग मासे येतात कुठून? एका वाटेने येत नाहीत, म्हणून तर उत्तर अवघड वाटतं. तलाव आटला म्हणजे वरचं सगळं खोरं आटत नाही. नदीतले डोह, बंधाऱ्यामागचं थोडं पाणी, ओढ्याकाठच्या विहिरी, शेततळी यांत कुठे ना कुठे मासा उरलेला असतो. पूर आला की तो खाली येतो. खालच्या बाजूचा मासा पहिल्या पाण्याला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. चढणीचे मासे धरायला माणसं जातात ती याच वेळी. मरळ, शिंगी आणि मागूर हे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे. तळ वरून वाळलेला दिसला तरी खाली ओल असेल तर ते चिखलात काही काळ तग धरतात. म्हणजे चिखलात मासा सापडल्याच्या कहाण्या खोट्या नाहीत. फक्त तिथे असतो तो जिवंत मासा, अंडं नव्हे, आणि ओल संपली की तोही संपतो. चिलापीला तर वाहतं पाणीही लागत नाही. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे कोपऱ्यातल्या डबक्यात उरलेल्या चार चिलाप्या पुढच्या वर्षी तलाव व्यापू शकतात. हा मासा 1952 मध्ये बाहेरून भारतात आणला गेला आणि मग आवरेना. आता उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर अशा योजनांतून कृष्णा खोऱ्यातलं पाणी या दुष्काळी पट्ट्यात येतं. त्या पाण्याबरोबर बारीक जीव येण्याची वाटही खुली आहे. आणि सगळ्यात साधी वाट म्हणजे कुणीतरी पिशवीतून आणून सोडलेलं बीज, ज्याची गावाला खबर नसते.

पक्ष्यांच्या पायांना चिकटून अंडी येतात, असंही सांगतात. यात तथ्याचा अंश आहे, पण अंशच. 2020 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली. त्यातली सुमारे 0.2 टक्के अंडी विष्ठेतून अखंड बाहेर पडली आणि त्यांतल्या काहींतून पिल्लंही निघाली. म्हणजे शतकानुशतकांच्या हिशेबात एखादा मासा असा पसरू शकतो. जूनमध्ये भरलेला तलाव दिवाळीपर्यंत माशांनी भरण्याचं कारण मात्र ते होऊ शकत नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की पाणी आल्यावर वर्षाच्या आत किलोभराचे मासे मिळतात, मग बाहेरून आलेले चार-दोन मासे इतके कसे वाढले? याचं उत्तर नव्या पाण्यातच आहे. कोरड्या तळावर उगवलेलं गवत, शेण, पालापाचोळा पाण्याखाली गेला की कुजतो, त्यावर प्लवक माजतं आणि स्पर्धा करायला मासे थोडे असतात. अशा पाण्यात कटल्याची बोटुकली वर्षभरात किलोला पोचणं काही नवलाचं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंगालात आणि मध्य प्रदेशात पावसाळी बांधांत हेच कार्प मासे वीण करतात, मग आपल्या तलावात पूर आल्यावर का नाही करणार? करतील, काही वेळा करतातही. मोठ्या जलाशयातले पोक्त मासे पुराला नदीच्या तोंडाशी जमतात. पण त्या बांधांत नर-माद्या आणून सोडलेल्या असतात. वीण व्हायला दोन-तीन वर्षांचे जिवंत मासे हवेत, आणि पूर्ण आटलेल्या तलावात नेमके तेच उरलेले नसतात.

परदेशातल्या डोंगरी तलावांत सगळं आपोआप होतं, असंही काहींना वाटतं. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या ब्ल्यू मेसा जलाशयावर हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून माणसं कोकानी सॅमन धरतात. तो मासा म्हणजे समुद्राला न जाणारा, तलावातच जन्म काढणारा सॉकाय सॅमन. कोलोराडोचा तो मूळचा रहिवासी नाही. विणीसाठी तो ओढ्यात चढतो आणि वीण झाली की मरतो. तिथलं वन्यजीव खातं दर शरद ऋतूत रोअरिंग जुडी इथल्या केंद्रात चढणीच्या माशांची अंडी काढतं, उबवतं आणि पिल्लं सोडतं. त्यावरच तिथली मासेमारी चालते. सॅमनची अंडी गारगोट्यांत महिनोन् महिने राहतात, हे खरं. पण ती वाहत्या, बर्फाळ पाण्यात असतात. गारठ्याने वाढ मंदावते म्हणून इतका वेळ लागतो. कोरड्या मातीशी त्याचा संबंध नाही.

मातीतल्या अंड्यांच्या समजाने होणारं नुकसान पैशात मोजावं लागतं. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते, बीज सोडते. सोडायचं बीज चार इंचांचं, म्हणजे सुमारे 100 मिलिमीटरचं असावं, कारण त्याहून लहान बीज मरळ खाऊन टाकते, असं मत्स्यशास्त्रज्ञ सांगतात. तळात अंडी आहेतच, अशी समजूत असली की दुष्काळानंतरच्या वर्षी बीज आणायचं टाळलं जातं, किंवा स्वस्तातलं बारीक जिरे टाकून काम उरकलं जातं. दुसरीकडे, मासा आपोआप उगवतो म्हणजे तो कुणाचाच नाही, मग संस्थेच्या पाण्यात रात्री जाळं टाकायला काय हरकत, असा सोयीचा निष्कर्ष निघतो. पोटात अंडी घेऊन चढणाऱ्या मादीला ओढ्याच्या तोंडावरच मारणारा माणूसही हेच म्हणतो, की अंडी खाली पुष्कळ आहेत.

बाकीचे समज किरकोळ आहेत. पावसाबरोबर मासे आभाळातून पडतात हे वावटळीच्या अपवादात्मक घटनांत खरं असू शकतं. रानात सापडलेला मासा बहुधा ओढ्याच्या पाण्यातून चढून आलेला असतो. तलाव वरून गोठला की आतले मासे मरतात असं वाटतं, पण बर्फ पाण्याहून हलका म्हणून वर तरंगतो, आणि पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं म्हणून ते तळाशी न गोठता राहतं आणि तिथे मासा जगतो. माशावर दूध प्यायल्याने कोड येतं याला आधार नाही. कोड हा शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेशी संबंधित विकार आहे, आणि बंगाली घरांत दह्यातला मासा पिढ्यान् पिढ्या शिजतो आहे. थाई मांगूर म्हणजे आपलाच मागूर, हेही चूक. तो आफ्रिकी मासा आहे, दिसेल ते खातो, आणि त्याच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे.