काखेंतील ग्रंथी आणि ध्वनीचें चित्र

आमच्या ताईचा उजवा हात अखेरपर्यंत सुजलेलाच राहिला. १९८८ सालीं स्तनांतील कर्करोगाकरितां तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हां काखेंतील लसिकाग्रंथीही काढल्या. रोग परतला नाहीं. पण त्या हातानें तिला पुन्हां कणीक तिंबतां आली नाहीं कीं त्यांत बांगडी चढली नाहीं. काढलेल्या ग्रंथींपैकीं एकींतही रोग नव्हता, हें आम्हांस मागाहून कळलें.

गेल्या श्रावणांत तिच्याच मुलीच्या स्तनांत दीड सेंटिमीटरची गांठ निघाली, तेव्हां आम्हांस तो हात आठवला.

स्तनांतील लसिका बहुतांशीं काखेंतील ग्रंथींतून गाळली जाऊन पुढें जाते. म्हणून मूळ जागा सोडून निघालेल्या रोगपेशी बहुधा प्रथम तेथेंच अडकतात. हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यविशारदानें १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत स्तनाबरोबर काखही साफ करीत. पुढें १९९० नंतरच्या दशकांत, लसिका प्रथम पोंचते ती पहारेकरी ग्रंथी रंगानें ओळखून तेवढीच काढण्याची युक्ति रूढ झाली.

आतां सोनोग्राफी. (आमचा 'ध्वनिचित्रण' हा शब्द घरांत कोणी वापरीत नाहीं!) निरोगी ग्रंथी तींत घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते: मध्यें पांढरट गाभा, भोंवतीं काळसर पातळ साल. साल तीन मिलिमीटरांहून जाड झाली, गाभा दिसेनासा झाला किंवा ग्रंथी वाटोळी झाली, कीं संशय घेऊन सुईनें पेशी काढून पाहतात. परंतु चित्रांत आकार दिसतो, पेशी दिसत नाहींत. चिमूटभर रोग शिरलेली ग्रंथी निर्दोषच भासावयाची.

मग त्यावर विसंबावें काय? इटलींतील मिलान येथून चालविलेल्या 'साउंड' नांवाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत दोन सेंटिमीटरपर्यंतची गांठ व चित्रांत निर्दोष काख असलेल्या १,४०५ स्त्रिया होत्या. एका गटांत पहारेकरी ग्रंथी काढली, दुसऱ्यांत काखेस हातच लावला नाहीं. पहिल्या गटांतील सुमारें १४ टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत रोग निघाला. म्हणजे तेथें चित्र फसलेंच होतें. तथापि पांच वर्षांनीं, रोग दूर न पसरतां हयात असलेल्यांचें प्रमाण दोन्ही गटांत सुमारें ९८ टक्के भरलें. बहुतेकींना किरणोपचार व औषधें मिळालीं होतीं, हें मात्र विसरूं नये. शिवाय तरुण अथवा उग्र प्रकारच्या रोगाच्या स्त्रियांत औषध ठरविण्यास ग्रंथीची तपासणी लागूं शकते.

भाचीची काख चित्रांत स्वच्छ दिसली. शल्यविशारदांनीं दोन्ही मार्ग तिच्यापुढें मांडले. आम्हीं कागदावर आंकडे लिहून दिले. तिनें ते दोनदां वाचले आणि म्हणाली, "मामा, आईच्या पाटल्या माझ्याजवळ आहेत. मला त्या घालावयाच्या आहेत."