भर समुद्रात दिसणारे ते बोये नेमके कसले? (भाग लेखी स्वरूपात)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग, जवळपास बोललो तसाच लिहून काढलाय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा फोटो आला. डेक कॅडेट आहे, पहिलंच जहाज, मुंबईहून डर्बनला चाललेलं. सेशेल्सच्या वरच्या अंगाला निळंशार पाणी आणि त्यात घमेलं पालथं घातल्यासारखी एक वस्तू, वर काळ्या सोलर पट्ट्या. प्रश्न असा: "सर, चार हजार मीटर खोल पाण्यात हे कोणी आणि कसं बांधून ठेवलं?"

बांधलेलं नाहीच ते. सोडून दिलंय.

म्हणजे बघा, उघड्या समुद्रात काहीही तरंगत असलं, एखादा ओंडका का असेना, की त्याच्या सावलीला मासे जमतात. कुपा, म्हणजे ट्यूना, तर हमखास. पर्ससीनवाल्या मोठ्या बोटी हेच मुद्दाम करतात. बांबूचा किंवा प्लास्टिकचा तराफा, त्याखाली खोलवर सोडलेले दोर नाहीतर जुनी जाळी, आणि सोबत हा बोया. त्यात जीपीएस असतं आणि खाली बघणारा इको साउंडर. कुठे आहे आणि खाली अंदाजे किती मासा जमलाय हे तो सॅटेलाइटवरून बोटीला कळवतो. तांडेल शेकडो मैल लांब बसून स्क्रीनवर बघतो आणि मासा भरला की जाळं घेऊन येतो. हे इतकं वाढलं की हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०१९ च्या ठरावात एका बोटीला एका वेळी ३०० बोयांची मर्यादा घातली. एका बोटीला ३००! खालच्या जाळ्यात कासवं आणि शार्क अडकत म्हणून न अडकणारी रचनाही सक्तीची झाली.

तर एकटाच, सोलरवाला, प्रवाहाबरोबर चाललेला दिसला तर बहुधा हाच. पण पिवळा, चांगला माणसाहून मोठा, वर हवामानाची यंत्रं लावलेला आणि जागचा न हलणारा दिसला, तर तो आपल्या एनआयओटीचा डेटा बोया असू शकतो. तो मात्र खरंच तळाशी नांगरलेला असतो. त्याच्याखालीही मासे जमतात, म्हणून मच्छीमार त्याला बोट बांधतात आणि शास्त्रज्ञ डोक्याला हात लावतात.

आता रांगेत दिसणारे. इथे खरी गोम आहे.

टणक प्लास्टिकचे गोळे, एकमेकांपासून बरेच लांब, मधूनच एखादा अँटेनावाला रेडिओ बोया, आणि रांग संपता संपत नाही, तर ती लाँगलाइन. एकच मुख्य दोर, कधी पन्नास, कधी शंभर किलोमीटर, त्याला दोन-तीन हजार गळ. मुंबईत मुख्यालय असलेली फिशरी सर्व्हे ऑफ इंडियासुद्धा ट्यूनाचा सर्व्हे अशाच दोराने करते. दोर दोन गोळ्यांच्या मध्ये झोळीसारखा खोल लोंबतो, त्यामुळे मोठं जहाज मधून गेलं तरी साधारणपणे काही होत नाही.

गोळे लहान आणि जवळजवळ असतील, टोकाला काठीवर झेंडा किंवा लुकलुकणारा दिवा, तर ते वाहतं जाळं. हे पृष्ठभागापासूनच भिंतीसारखं उभं असतं. उघड्या समुद्रातल्या अवाढव्य वाहत्या जाळ्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठरावाने १९९२ अखेरपासून बंदी आली, पण किनारी देशांच्या हद्दीत लहान जाळी असतातच. रात्री ते छोटे गोळे दिसत नाहीत आणि रडारवरही येत नाहीत. दिसतात फक्त टोकाचे दिवे.

मी नवा सेकंड ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट. वेरावळपासून साठेक मैल बाहेर, रात्रीची बारा ते चारची वॉच. पुढे दोन पांढरे दिवे लुकलुकत होते, मध्ये दीड मैल मोकळं पाणी. रडार स्वच्छ. मला वाटलं दोन सुटे बोये आहेत, मधून भरपूर जागा आहे. गेलो. तेवढ्यात व्हीएचएफच्या सोळा नंबरवर कोणीतरी ओरडायला लागलं, "जाल है! बड़ा जहाज, जाल है!" तो आपल्यालाच सांगतोय हे कळायला मला अर्धा मिनिट लागलं. तोवर मधोमध पोचलो होतो. जहाजाला काही जाणवलं नाही, साधा हादराही नाही. मागे एका टोकाला बोटीचा मिणमिणता दिवा दिसला, आणि तो आवाज बराच वेळ चालू राहिला. मी उत्तर दिलं नाही. काय बोलणार होतो? सकाळी कॅप्टनसाहेबांनी एवढंच विचारलं, "दोन दिवे एका वाऱ्याला एकाच चालीने सरकत होते ना? मग मध्ये काय असेल?"

नियम काय सांगतो? मासे धरणाऱ्या बोटीने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा, ट्रॉलर असेल तर वर हिरवा. जाळं दीडशे मीटरपेक्षा लांब पसरलेलं असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा. आणि वाट आपण द्यायची, त्यांनी नाही. प्रत्यक्षात छोट्या बोटींवर लग्नाच्या मांडवासारखे रंगीबेरंगी दिवे असतात, त्यामुळे दिव्यांवरून ओळखेन म्हणालात तर फसाल.

एआयएसवरही फसाल. हल्ली जाळ्याला स्वस्त एआयएस बीकन लावतात. स्क्रीनवर चार "जहाजं" एका रांगेत येतात, वेग एक नॉट, आणि नावाच्या जागी बॅटरीचा आकडा, ८५ टक्के वगैरे. चार जहाजं नाहीत ती, एक जाळं आहे. अशा साधनांसाठी आता वेगळी फ्रिक्वेन्सी आणि ९७९ ने सुरू होणारे क्रमांक ठरलेत, पण जुनी बीकन्स अजून जहाजांच्याच चॅनलवर बोलतात.

त्या कॅडेटला मी कळवलंय: तुझा बोया निरुपद्रवी, लॉगमध्ये वेळ आणि जागा लिही. रांग दिसली तर आधी टोकाची बोट शोध, कॅप्टनला उठव, आणि मधून नाही, वळसा घालून जा. शिवाय वहीत हे शब्द लिहून ठेव: हिंदीत जाल, गुजरातीत जाळ, मल्याळममध्ये वला, तमिळमध्ये वलै. सोळा नंबरचा आवाज कमी करू नकोस.