कुत्र्यालाही विचारायला हवं!

‘आमचा टायगर कुण्णाला काही करत नाही हो!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. महिला मंडळातर्फे मी वृद्धाश्रमात जाते, म्हणून अधूनमधून कुणीतरी विचारतं, ‘त्याला घेऊन येऊ का? आजी-आजोबांना बरं वाटेल.’ विचार छानच आहे. पण मैत्रिणींनो, प्रेमळ असणं वेगळं आणि या कामाला योग्य असणं वेगळं.

परदेशात हे काम अगदी पद्धतशीर चालतं. अमेरिकेत एलेन स्मिथ या नर्सने १९७६ मध्ये त्यासाठी संस्था काढली. ब्रिटनमध्ये १९८३ साली ‘पेट्स ॲज थेरपी’ सुरू झाली. आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने हे काम रुजवलं.

ब्रिटनच्या संस्थेचा नियम पाहा. कुत्रा निदान ९ महिन्यांचा हवा आणि स्वयंसेवकाच्या किमान ६ महिने परिचयाचा हवा. जात कुठलीही चालते. मग त्याची परीक्षा! पट्टा न ओढता चालतो का? परक्याने कान, पंजे, शेपटी हाताळली तर गुरगुरतो का? खाऊ अलगद घेतो की हिसकावतो? मागे काही दणकन पडलं तर? दचकला तरी चालतं, पण लगेच सावरला पाहिजे. अंगावर उडी तर नकोच. वृद्धांची कातडी पातळ असते, साधा ओरखडाही लवकर भरत नाही.

गंमत म्हणजे परक्यावर भुंकणारा राखणदार आपल्याला गुणी वाटतो, इथे मात्र तोच नापास. घाबरटही नापास. अनोळखी माणसाजवळ त्याला आपणहून जावंसं वाटलं पाहिजे.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपण सेवा आपल्या मर्जीने करतो, कुत्र्याची मर्जी कोण विचारतं? पण तो सांगत असतो हो! झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, शेपटी पोटाशी घेणं, म्हणजे ‘आता पुरे’. तेव्हा कितीही जण वाट बघत असले तरी भेट थांबवायची. बळजबरी केली तर शांत कुत्राही चावू शकतो आणि ते भोगावं लागतं अंथरुणावरच्या आजीला.

बाकीची काळजीही हवीच. रेबीजची लस, जंताचं औषध, स्वच्छ अंग, कापलेली नखं आणि संस्थेची परवानगी. खोलीत शिरण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, कारण कुत्र्याची भीती वाटणारेही असतात.

आणि आपला कुत्रा नापास झाला तर? त्यात कमीपणा काय! आजाऱ्याच्या उशाशी बसणं आपल्यातल्या तरी सगळ्यांना कुठे जमतं? त्याने खुशाल घर राखावं. आजींशी घटकाभर बोलायला आपण जावं, आपली तर कुणी परीक्षाही घेत नाही!