वाट्याचा हिशेब मागणारं गाणं

पातूर हे अकोला–वाशीम रस्त्यावरचं, घाटाच्या पायथ्याचं गाव. शिवारात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. दिवाळीच्या सुमारास बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचतात, मजुरी किलोवर. त्या कापसाची पुढे रुई होते, गठाण होते, सूत आणि कापड होतं. दर टप्प्याला किंमत चढते, पण त्या चढलेल्या किमतीतलं वेचणारीच्या हाती काही लागत नाही. बिर्ला, बाटा, टाटा ही नावं घेऊन धनाच्या साठ्यातला आपला वाटा विचारणारं वामनदादा कर्डकांचं गाणं अशा शिवारात ऐकावं.

वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत पडेल ते काम करत जगले, अक्षरओळख मोठेपणी झाली. मग आंबेडकरी विचार गाण्यांतून गावोगाव नेला. वर्ध्याला १९९३ साली भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अशा गाण्यांना नुसती प्रचारगीतं म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. मालकांची नावं आणि मजुराचा वाटा त्यांनी एकाच यमकात बांधला. त्यामुळे अर्थशास्त्राचा अवघड प्रश्न आंबेडकर जयंतीच्या रात्री पोराटोरांच्या तोंडी बसतो. या गाण्यात याचना नाही. घामाचा धनी हिशेब मागतो आहे.

यातलं टाटांचं नाव वऱ्हाडाला परकं नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते ६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि पाठोपाठ रेल्वेही आली. कापूस जवळ मिळतो म्हणून जमशेटजी टाटांनी नागपूर निवडलं आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. भरभराट मात्र सगळ्यांच्या घरी पोचली नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसं अन्नावाचून मेली.

पुढे गिरण्याही गेल्या. एम्प्रेस बंद पडली, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. जिच्या फाटकाशी उभं राहून वाटा मागायचा, ती गिरणीच उरली नाही.

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वामनदादांचं गाणं त्याच इशाऱ्याला चाल लावतं.

ही विषमता सरकारी मदतीतही दिसते. शेतकरी आत्महत्यांनंतर २००६ साली पंतप्रधानांनी अकोला, अमरावतीसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. थकीत कर्जावरची व्याजमाफी, नवं पीककर्ज, सिंचन, बियाणं असं त्यात बरंच काही होतं. ते गरजेचंच होतं. पण त्यातलं बहुतेक सातबाऱ्याच्या आणि बँकेच्या खात्याच्या वाटेनं जाणारं. किलोवर कापूस वेचणाऱ्या भूमिहीन बाईच्या नावावर ना सातबारा, ना कर्ज. मग माफ तरी काय होणार?